आज कुठला रंग

मुलगी झाली तेव्हा मी बंदरावर होतो. लिलाव रंगात आला होता. फोन आला तसा घेतलेला माल भागीदाराच्या गळ्यात टाकला आणि इस्पितळाकडे गाडी पळवली. अंगाला मासळीचा वास येत होता म्हणून आईने बाळाला हात लावू दिला नाही. "आधी आंघोळ करून ये," म्हणाली. मी दारातूनच बघितलं. तांबूस, केसाळ, मुठी आवळलेली पोर. बायको दमली होती, तरी हसत होती. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल होत नव्हतं, त्यामुळे तिने माहेरी सावर्ड्याला जाणंसुद्धा कमी केलं होतं. त्या दिवशी तिने पहिला फोन आपल्या आईला केला आणि फोनवर नुसती रडत राहिली.

आमच्याकडे लहान मुलीला बाय म्हणतात. आम्ही तिला शेवटपर्यंत बायच म्हटलं. पाळण्यात ठेवलेलं नाव शाळेत घातल्यावर वापरू म्हणून तसंच राहिलं.

सुरुवातीला ती चांगली दूध प्यायली. मग अंगावर घेतलं की तोंड फिरवायला लागली. नुसती झोपायची. तळव्यावर टिचकी मारली तरी डोळे उघडेना. आई म्हणाली, शांत मूल आहे, दृष्ट लावू नका. पण बायकोला ते काही पटेना. "अहो, हिचा श्वास बघा ना," ती म्हणाली. "पळून आल्यासारखा लागलाय." मी वाकून बघितलं. एवढ्याशा बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या.

लहान मुलांच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर मॅडम साधारण माझ्याच वयाच्या असतील. आधी त्यांना जंतुसंसर्ग वाटला, तसं औषधही सुरू केलं. दूध बंद करून नुसतं ग्लुकोज चढवलं तेव्हा बाळाने डोळे उघडले. आम्हाला वाटलं, सुटलो. पुन्हा दूध सुरू केलं आणि पुन्हा ती गळाली. तेव्हा मॅडमनी आम्हाला दोघांना आत बोलावून घेतलं.

"मला वेगळीच शंका येतेय," त्या म्हणाल्या. "आपण खातो त्यातली प्रथिनं शरीर पायरीपायरीने मोडत जातं. हिच्यात त्यातली एक पायरी जन्मापासूनच नसावी. मग अर्धवट मोडलेला भाग आत साचतो, त्याचं आम्ल होतं, आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. माझी शंका खरी असली तर ती हिच्या लघवीत दिसेल."

"मग करा ना तपासणी," मी म्हणालो.

"इथे होत नाही. मुंबईला त्याचं मशीन आहे. लघवी गोठवून न्यायला लागेल आणि वाटेत वितळता कामा नये. त्यात उद्या सुट्टी, कुरियर बंद."

"बर्फाचं माझ्यावर सोडा, मॅडम," मी म्हणालो. एवढं एकच मला त्या खोलीत येत होतं.

पण लघवी मिळवायची कशी? बाळाला चिकटवायची एक छोटी पिशवी असते. ती दोनदा सुटली आणि सगळं दुपट्यात गेलं. तिसऱ्यांदा सिस्टरने पिशवी नीट दाबून बसवली आणि ओटीपोटावरून गार पाण्याचा बोळा फिरवला. आम्ही पेटीच्या दोन्ही बाजूंना उभे. बायको तोंडाने हळू "शू... शू..." करत होती. बराच वेळ काही नाही. मग पिशवीच्या तळाशी पिवळसर थेंब जमायला लागले आणि बायकोने माझा हात एवढ्या जोरात धरला की बांगडी मनगटात रुतली. आम्ही दोघं हसलो. मुलीच्या लघवीकडे बघून आईबाप असे हसताहेत, हे दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर त्याला काय वाटलं असतं कोण जाणे.

सिस्टरने लघवी छोट्या बाटलीत ओतली आणि दवाखान्याच्या फ्रीजरमध्ये ती बाटली दगडासारखी झाली. सकाळी मी बंदरावरून बारीक बर्फ आणला, त्यात खडेमीठ मिसळलं. मीठ घातलं की नुसत्या बर्फापेक्षा गारवा कितीतरी वाढतो, हे आमच्या धंद्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. थर्माकोलच्या पेटीत मधोमध बाटली ठेवली, चारही बाजूंनी बर्फ ठासला, वरून चिकटपट्टी मारली. आयुष्यभर मी मासळी अशीच भरत आलो होतो.

मुंबईच्या गाडीत पेटी मांडीवरच ठेवली. समोर पावस गावचे एक वयस्कर गृहस्थ होते, आंब्याची पेटी घेऊन मुलाकडे निघालेले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "काय, सुरमई का?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "पापलेट."

"वा! कुणाकडे?"

"मुलीसाठी."

"लेकीला आवडत असेल तर न्यायलाच हवं," ते म्हणाले. "तिकडे ताजं कुठलं मिळतंय! आमची लेक अमेरिकेला. तिला काय धाडणार?" मग ते आपल्या मुलीबद्दल, जावयाबद्दल बोलत राहिले. मी मान डोलवत होतो. पेटीवर तळहात सपाट ठेवला होता. हात अवघडला तरी काढला नाही.

प्रयोगशाळेत सुट्टीतही ड्युटीवर असलेल्या माणसाने पेटी उघडली, बाटली उजेडात धरून हलवली आणि म्हणाला, "अजून कडक आहे. उत्तम." शाबासकी मिळाल्यासारखं मला बरं वाटलं आणि रस्त्यावर आल्यावर त्याचीच लाज वाटली.

मॅडमची शंका खरी निघाली. रोगाचं नाव एवढं लांब होतं की ते नीट म्हणता यायला मला महिने लागले. जगात फार थोड्यांना होतो, असं त्या म्हणाल्या. बायकोने एकच विचारलं, "म्हणजे माझं दूध तिला बाधलं?"

"तुमच्या दुधात काही वाईट नाही," मॅडम म्हणाल्या. "हिला ते पेलवत नाही. कुठलंच दूध पेलवलं नसतं. आता थोडंथोडं मोजून देऊ, बाकी खास पावडर."

थोडंथोडं म्हणजे किती थोडं, ते नंतर कळलं. बायकोची छाती भरून दगड व्हायची. पलीकडे बाय भुकेने रडायची आणि ही मोरीत बसून दूध पिळून टाकायची, नळ सोडून, आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून. एकदा मी दाराशी गेलो. तिने आतूनच सांगितलं, "येऊ नका. बघू नका."

आई काही दिवस घुश्शात होती. "आमच्या घराण्यात असलं कुणाला नव्हतं," असं बायकोला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणायची. मग पुढच्या वेळी मी तिलाच मॅडमकडे घेऊन गेलो. दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, एकाकडून आला तर मूल आजारी पडत नाही, दोघांनाही स्वतःला काही होत नाही म्हणून कळतही नाही, हे मॅडमनी कागदावर गोल काढून समजावलं. आई त्या गोलांकडे बघत होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "म्हणजे माझ्याकडूनसुद्धा आलं असेल?" घरी आल्यावर तिने सुनेला पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चहा करून दिला.

बाय वाढली. उशिरा बसली, उशिरा चालली. पाय काटक्यांसारखे, पण जीभ चुरूचुरू चालायची. ओट्यावर वजनाचा छोटा काटा आला. भात मोजून, बटाटा मोजून. डाळ नाही, अंडं नाही, दूध नाही, मासळी नाही. सकाळी पेज, त्या पावडरीचं दूध, वासाने मला मळमळायचं असलं सरबतासारखं औषध. ती ते नाक दाबून घ्यायची आणि रिकामा पेला डोक्यावर उलटा धरून दाखवायची. आईने घरात मासळी शिजवणंच बंद केलं. रत्नागिरीत राहून, मासळीच्या धंद्यात असून, आमच्या घरात वर्षानुवर्षं कालवणाचा वास आला नाही. मला खावंसं वाटलं तर मी बंदरावर खाऊन, चूळ भरून घरी यायचो.

आणि रोज सकाळी लघवीची पट्टी. कागदाची बारीक पट्टी, टोकाला रंगाचा चौकोन. लघवीत बुडवून थोडं थांबायचं. चौकोन खाकीच राहिला तर ठीक. गुलाबी झाला तर शरीर आतून बिघडायला लागलंय, साखरपाणी द्यायचं, मॅडमना फोन करायचा, पुष्कळदा रक्त तपासायला न्यायचं. जांभळा झाला तर थेट दवाखाना, ग्लुकोज. ते काम माझ्याकडे होतं. बाय मोरीत तिच्या लाल भांड्यावर बसायची, हनुवटी हातांवर टेकवून, आणि मी पट्टी घेऊन समोर उकिडवा.

"बाबा, आज कुठला रंग?"

"खाकी."

"पोलीस!" ती ओरडायची आणि उठून पळायची. खाकी म्हणजे पोलीस, पोलीस आले म्हणजे चोर पळाला, असं काहीतरी तिचं होतं.

सगळ्या रंगांत तिचा राग गुलाबीवर. मावशीने तिला वाढदिवसाला झालरीचा गुलाबी फ्रॉक आणला. बायने तो बघितला आणि माझ्यामागे लपली. "गुलाबी नको. सुई टोचतात." मावशी बिचारी गोंधळली. बायकोने तो फ्रॉक घडी करून कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पिवळा आणला.

सुट्टीच्या दिवशी मी तिला बंदरावर न्यायचो. खांद्यावर बसवून. तिला सगळी मासळी ओळखू यायची. सौंदाळे, बांगडे, सरंगा, मांदेली. लिलाव पुकारणाऱ्यांचा आवाज ऐकून घरी आली की बाहुल्या ओळीने मांडायची, "बोला, बोला, कोण वाढवतंय?" आई भाव वाढवायची, बायको वाढवायची, आणि शेवटी सगळा माल तीच घ्यायची. एकदा परत येताना तिने वरून विचारलं, "बाबा, पापलेट कसं लागतं?"

मी चालत राहिलो. "चांगलं लागतं."

"पण कसं?"

"गोडसर."

"साखरेसारखं?"

"नाही. साखरेसारखं नाही."

"मग बटाट्यासारखं?"

"थोडंसं बटाट्यासारखं," मी म्हणालो.

"मग मला माहितीये," ती म्हणाली, आणि माझ्या डोक्यावर दोन्ही हातांनी तबला वाजवायला लागली. मला पुढचा रस्ता दिसेना. ती वर होती म्हणून तिला माझं तोंड दिसलं नाही, तेवढंच बरं.

आजारपणं यायची. साधी सर्दी झाली तरी आम्ही रात्र जागून काढायचो. ताप आला की शरीर स्वतःचीच प्रथिनं जाळायला काढतं, आणि तिच्यासाठी ते विष. दवाखान्यातल्या सिस्टर तिला नावाने नव्हे तर "आमची पाहुणी" म्हणून हाक मारायच्या. प्रत्येक वेळी दोन-चार दिवसांत ती उठून बसायची. इतक्या वेळा उठून बसली की आम्हाला त्याची सवय झाली होती.

ती बालवाडीतून पहिलीत जाणार होती त्या वर्षी, आंब्याच्या दिवसांत, गावभर उलट्यांची साथ होती. सकाळी पट्टी गुलाबी आली. साखरपाणी दिलं, ते उलटून पडलं. परत पट्टी बघायला धीर झाला नाही, तसंच उचलून मॅडमकडे नेलं. सलाइन लागलं. मॅडम दर थोड्या वेळाने येऊन बघत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या. "रक्तातला अमोनिया वाढतोय. मशीनवर रक्त स्वच्छ करायला लागेल. कोल्हापूरला बोललेय मी. आत्ता निघा."

रुग्णवाहिकेत बायको तिच्या डोक्याशी, मी पायाशी. सोबत एक सिस्टर. घाटात गाडी वळणं घेत होती आणि बाय मधूनच जागी होऊन काहीबाही बोलत होती. कधी आजीला हाक मारायची, कधी कुणालातरी "बोला, बोला" म्हणायची. तिचे डोळे आमच्यावर ठरत नव्हते. घाट चढून वर आल्यावर मात्र तिने सरळ माझ्याकडे बघितलं.

"बाबा, शू झाली."

"होऊ दे बाय. काही हरकत नाही."

"रंग बघ ना."

माझ्याकडे पट्टी नव्हती. असती तरी काय बघायचं होतं. मी तिची ओली चादर थोडी उचलली, बघितल्यासारखं केलं. "खाकी आहे," मी म्हणालो.

"पोलीस," ती म्हणाली. अगदी हळू. मग तिने डोळे मिटले.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी जे करता येईल ते सगळं केलं. मशीन लावलं. मेंदूला सूज आली होती. ती पुन्हा जागी झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीतून चांगलं ऊन आत येत असताना, मॉनिटरवरची रेघ बघत उभ्या असलेल्या डॉक्टरांनी मान खाली घातली. बायको म्हणाली, "झोपलीय ती. तुम्ही जरा थांबा, ती उठेल. नेहमी उठते." तो डॉक्टर तरुण होता. तो तिथेच उभा राहिला, आणि मग मीच पुढे होऊन बायकोचा हात बायच्या कपाळावरून काढला.

आईला काय सांगायचं हे मी परतीच्या सगळ्या वाटेवर जुळवत होतो. सांगायची वेळच आली नाही. आम्ही गाडीतून उतरताना तिने बघितलं आणि दारातच बसली. "मला न्यायचं सोडून तिला नेलं," एवढंच कितीतरी वेळ म्हणत होती. शेजारी आले, बायका आल्या, बंदरावरची माणसं आली. बालवाडीच्या बाई आल्या आणि आईशेजारी बसून गेल्या.

उरलेले पावडरीचे डबे बायकोने मॅडमकडे नेऊन दिले. कुठल्यातरी गावातल्या बाळाला ते लागणार होते. कुणाला, ते आम्ही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. सकाळी मला जाग यायची आणि मी उठून मोरीकडे चालायला लागायचो. तिथे पोचल्यावर आठवायचं. बायको अंथरुणातून सगळं ऐकत असायची. मग मी लवकर उठून बंदरावर जायला लागलो. बाजारात उभा राहिलो की पाच-सहा तास तरी डोक्यात नुसते भाव असायचे.

वर्ष उलटल्यावर मॅडमनी आम्हाला बोलावलं. फार जपून बोलल्या. म्हणाल्या, आम्हा दोघांच्या रक्तातला नेमका दोष आता माहीत आहे. पुन्हा दिवस राहिले तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच तपासणी करता येते. चारातलं एक मूल आजारी निघू शकतं, पण तीन चांगली निघतात, आणि आधी कळतं. "तुम्ही दोघं अजून तरुण आहात," त्या म्हणाल्या. "घाई नाही. पण विचार करा."

मी मनात तो विचार कधीचा करत होतो. आईनेही एकदोनदा आडून सुचवलं होतं. खरं सांगायचं तर मॅडम बोलत असताना मला आशा वाटायला लागली होती आणि मी बायकोच्या तोंडाकडे बघत होतो. ती शांतपणे ऐकत होती. तिने मॅडमना एकदोन प्रश्नही विचारले. निघताना त्यांचा हात धरून म्हणाली, "तुम्ही तिच्यासाठी खूप केलंत."

बाहेर रस्त्यावर मी स्कूटर काढली. ती मागे बसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"तुम्हाला हवंय ना?" तिने विचारलं.

"तू म्हणशील तसं."

"मला दुसरं मूल नकोय," ती म्हणाली. "मला तीच हवीय."

रस्त्यावर गर्दी होती. शाळा सुटली होती. मी स्कूटर पुन्हा स्टँडला लावली आणि आम्ही दोघं त्या दवाखान्याच्या कुंपणाशी उभे राहिलो. ती रडली नाही. मला मात्र आवरलं नाही. कोल्हापुरात नाही, स्मशानात नाही, तिथे भर रस्त्यात मी रडलो, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, येणारेजाणारे बघत होते तरी.

त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नाही. आईने एकदा माझ्याकडे बघितलं, मी नकाराची मान हलवली, तिला समजलं. आता घरात आम्ही तिघं आहोत. बायको दुपारी शेजारच्या मुलींना शिवणकाम शिकवते. मी घरी येतो तेव्हा त्या निघून गेलेल्या असतात, आणि ती यंत्राशी एकटीच बसलेली असते, पाय थांबवून.